फळ्यांवरचे पाय

"पण वेग नेमका किती ठेवायचा, एवढं तरी सांगाल?"

दाजी अंगणात बसून फाटलेलं जाळं विणत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कसलो वेग?"

"गाण्याचा. बीपीएम. मिनिटाला ठोके किती, ते. सुरुवातीला किती, मध्ये किती, शेवटी किती."

"तू किती ठेवतंस?"

"एकशे अठ्ठावीसनं सुरू करतो. मग एकशे चाळीस. मागच्या रविवारी तर त्याच्याही वर गेलो होतो."

"आणि लोक खंय गेले?"

ओजसनं नजर जाळ्याकडे वळवली.

"घरी," तो म्हणाला.

दाजींनी गाठ मारली, दातांनी दोरा तोडला आणि पुढचं भोक शोधायला घेतलं.

ओजस केतकर मूळचा पुण्याचा. घरी ओजस, पोस्टरवर 'ओझो'. गोव्यात येऊन त्यानं बऱ्यापैकी नाव कमावलं होतं. त्यानं हात वर केले की खालची माणसं हात वर करायची, त्यानं उडी मारली की तीही उड्या मारायची, आणि हे बघून त्याची खात्री झाली होती की या सगळ्यांना आपणच नाचवतो. त्या वयात तसं वाटायचंच. त्याबद्दल त्याला फार बोल लावण्यात अर्थ नाही.

तो वाजवायचा त्या जागेचं नाव 'मांड'. शिमग्याला गाव जिथं नाचायला जमतो त्या जागेला इकडे मांड म्हणतात, आणि पेडणेकरबाईंनी आपल्या क्लबाला तेच नाव ठेवलं होतं. माडांच्या सावलीत जुन्या होड्यांच्या फळ्या ठोकून केलेली नाचायची जागा, एका बाजूला बार, समोर समुद्र. गावाशी बाईंची बोली झाली होती की दिवेलागणीला आवाज बंद. त्यामुळे बाकीचे क्लब ज्या वेळी अजून झोपलेले असत त्या वेळी मांड जागा असायचा. दुपार कलली की सुरू, सूर्य बुडाला की संपलं.

आणि अलीकडे मांड लवकर संपायला लागला होता.

लोक यायचे. आल्या आल्या भान हरपून नाचायचे. मग घामाघूम होऊन बारपाशी उभे राहायचे, मग मोबाइल काढायचे, मग चपला शोधायचे. फळ्या रिकाम्या दिसायला लागल्या की ओजस वेग वाढवायचा. वाढवला की आणखी चार जण खाली उतरायचे. मग तो आणखी वाढवायचा. शेवटी मांडावर चार-दोन पोरं आणि त्याची गाणी उरायची, आणि सूर्य अजून चांगला हातभर वर असायचा.

पेडणेकरबाई सरळ बाई होत्या. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हा रविवार बघते. परत असंच झालं तर पुढच्या रविवारपासून दुसऱ्या कुणाला तरी बोलावते. राग मानू नकोस."

मग जाता जाता थांबल्या.

"एकदा दाजींना भेटून ये. खाडीपलीकडे असतात."

दाजी कुबल हे नाव ओजसनं ऐकलं होतं. मांड सुरू झाला तेव्हापासून केस पिकेपर्यंत तिथं दाजींनीच वाजवलं होतं. आधी तबकड्या, मग कॅसेटी, मग सीड्या. लोक सांगायचे की दाजी वाजवायचे तेव्हा माणसं बसायचं विसरायची. आजारी माणूस खुर्ची टाकून बघायला यायचा आणि खुर्ची तिथंच विसरून जायचा. कुणी म्हणायचं, त्यांना माणसाच्या पाठीवरून कळायचं त्याला काय हवंय ते. ओजसला हे सगळं वाढवून सांगितलेलं वाटायचं. जुन्या माणसांबद्दल लोक नेहमीच दोन मुठी जास्त घालून सांगतात.

तरी तो फेरीबोटीत बसून खाडी ओलांडून आला होता. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. मांड गेला तर आपण कोण?

"दाजी, मला फक्त आकडे द्या," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

"बाकीचा म्हणजे काय?"

"बाकीचं म्हणजे... लोक."

दाजींनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचे डोळे हसरे होते, आणि त्यामुळे ओजसला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

"तू नाचतंस?"

"मी डीजे आहे."

"ता माका दिसता. नाचतंस काय?"

"नाही. वेळ कुठे मिळतो? एक गाणं चालू असतं तेव्हा दुसऱ्याची तयारी करायची असते. टेबल सोडता येत नाही."

"कधीच नाय?"

"कधीच नाही."

दाजींनी जाळं गुंडाळून बाजूला ठेवलं.

"सकाळी ये," ते म्हणाले. "रापण आसा. माणसां कमी पडतत."

"मला रापण ओढता येत नाही."

"दोरी धरूक येता?"

"येते."

"मगे ये."

ओजस परत फिरला तो चडफडतच. त्याला विद्या हवी होती, आणि म्हातारा त्याला बिनपगारी कामाला लावत होता.

तरी सकाळी तो गेला.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी समुद्रात लांबवर अर्धगोल फिरून जाळं सोडत येते आणि त्याची दोन टोकं दोन दोरांनी किनाऱ्यावर राहतात. एकेका दोराला माणसांची एकेक रांग लागते. बाया, बाप्ये, पोरं, कुणी पाहुणा आला असला तर तोही. सगळे समुद्राकडे तोंड करून मागे मागे सरत दोर ओढतात. शेवटचा माणूस पार मागे पोचला की दोर सोडतो आणि पुढे येऊन पाण्यापाशी पुन्हा धरतो. जे येईल ते सगळ्यांचं. प्रत्येकाला वाटा.

ओजसला रांगेच्या मध्ये जागा मिळाली. त्याच्या मागे जनीकाकी होती, काळीसावळी, काटक म्हातारी. पुढे वस्तीतली पोरं आणि होमस्टेला उतरलेले चार-पाच पाहुणे. दाजी सगळ्यांत पुढे, गुडघाभर पाण्यात.

काम भयंकर संथ होतं. एक पाऊल मागे. मग काहीच नाही. मग एक पाऊल. मग पुन्हा काहीच नाही. कुणी मोजत नव्हतं, कुणी हाक देत नव्हतं. ओजसला ते बघवेना. इतकी माणसं, इतका जोर, आणि सगळे नुसते उभे!

त्याच्यातला डीजे जागा झाला.

"चला!" तो ओरडला. "हे! हे! हे! हे!"

पुढची पोरं मागे वळून हसली. एकानं शीळ घातली. पाहुण्यांना तर तेच हवं होतं. सगळ्यांनी त्याची हाक उचलली आणि रांग भराभर मागे धावायला लागली. ते बघून पलीकडच्या दोरावरची रांगही पेटली. वाळू उडायला लागली. "हे! हे!" किनाराभर घुमलं.

"हळू रे, हळू!" जनीकाकी मागून ओरडत होती. "मेल्यांनो, हळू!"

कुणी ऐकलं नाही. ओजसला कितीतरी दिवसांनी ते जुनं सुख मिळत होतं. आपण हाक दिली आणि माणसं धावली. बघा म्हणावं दाजींना.

दाजींनी एकदा वळून पाहिलं. दोरावरचा हात तेवढा त्यांनी काढला नाही.

जाळं बघता बघता आलं. हलकं लागत होतं, आणि ओजसला वाटलं की आपल्या जोरामुळेच हलकं लागतंय. मग ते वाळूवर आलं आणि उघडलं.

चार खेकडे. ओंजळभर बारीक मासळी. एक फाटकी प्लॅस्टिकची पिशवी.

पोरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि नजर दुसरीकडे वळवली. बाया रिकाम्या टोपल्या उचलायला लागल्या.

"आज मासेच नव्हते वाटतं," ओजस म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच खोटा वाटला.

जनीकाकी हसली. रागानं हसली असती तर त्याला सोसलं असतं, पण ती मायेनं हसली.

"होते रे, बाबा. खालसून गेले."

जाळ्याची खालची कड वजन लावून समुद्राच्या तळाला टेकवलेली असते. दोर बेतानं आला तर ती तळ चाटत येते. दोर पळाला की कड उचलते, आणि उचललेल्या कडेखालून मासळी निवांत निघून जाते. वरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतं, जाळं झपाझप येतंय.

हे कळल्यावर ओजसचे कान तापले. सगळ्या वस्तीचं त्या दिवसाचं कालवण त्यानं पळवून लावलं होतं, आणि त्याला कुणी शिवीही देत नव्हतं.

तो दाजींच्या मागे मागे अंगणापर्यंत गेला.

"मला थांबवलं का नाहीत?"

"तुका कोण थांबवतलो? सगळेच धावत होते."

"तेच म्हणतोय मी, दाजी! सगळे धावत होते. माझ्या वेगानं. एक माणूस मागे राहिला नाही!"

"व्हय," दाजी म्हणाले. "माणसां सगळी इली."

त्यांनी ओला पंचा पिळून दांडीवर टाकला...

"मासे येवक नाय."

ओजस त्या दिवशी परत गेला, आणि दुसऱ्या सकाळी कुणी न बोलावता रापणीला हजर झाला. लाज होतीच. पण आणखीही काहीतरी होतं, ज्याला त्याच्याकडे नाव नव्हतं. त्यानं दाजींच्या मागची जागा मागून घेतली आणि तोंड बंद ठेवून दोर धरला.

पहिल्यांदा त्याला काही कळलं नाही. तो पुढच्याचं पाऊल बघून पाऊल टाकायचा आणि दर वेळी जरासा चुकायचा. मग कंटाळून त्यानं डोळे मिटले.

दोर हातात ताठ होता. ताठ होता, ताठ होता, आणि मग लाट मागे सरली तसा तो किंचित सैल आला, आणि ओजसचं पाऊल मागे पडलं. त्यानं टाकलं नव्हतं. पडलं. त्यानं डोळे उघडून पाहिलं तर सगळ्या रांगेची पावलं त्याच क्षणी पडली होती. जनीकाकीची, पोरांची; एका पाहुणीच्या कडेवरच्या बाळाचेसुद्धा पाय हलले होते.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

जाळं त्या दिवशी जड आलं. बांगडा होता. बाया आरडाओरडा करत टोपल्या घेऊन धावल्या.

"दाजी," त्यानं विचारलं, "पाऊल कधी टाकायचं ते कोण ठरवतं?"

"तू कोणाची हाक ऐकलंस?"

"कुणाचीच नाही."

"मगे?"

"पण कुणीतरी ठरवत असणारच ना. तुम्ही पुढे होतात. तुम्ही ठरवलंत?"

दाजी बांगडे निवडत होते. एक चांगला मोठा बांगडा त्यांनी ओजसच्या हातात दिला.

"ह्यो तुझो वाटो," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचा बांगडा उचलला.

रविवारी दुपारी दाजी मांडावर आले.

पेडणेकरबाई बारमागून धावत आल्या, पाया पडल्या, खुर्ची मांडली. दाजी बसले नाहीत. ते सरळ ओजसच्या टेबलाशी गेले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. ओजसनं यंत्र सुरू केलं होतं. चकाकत्या पडद्यावर आकडे उमटले होते, ज्यांच्याकडे बघत त्यानं आजवर आयुष्य काढलं होतं.

दाजींनी खांद्यावरचा पंचा काढला आणि पडद्यावर टाकला.

"दाजी! काही दिसत नाही."

"काय दिसत नाय?"

"वेग."

दाजींनी हनुवटीनं फळ्यांकडे दाखवलं.

"थंय बघ."

"तिथं कुणीच नाहीये."

"मगे नीट बघ."

ओजसनं पाहिलं. फळ्या रिकाम्या होत्या. काठाला एक पिवळ्या स्कर्टातली मुलगी फोनवर बोलत येरझारा घालत होती. पलीकडे बेळगावचं एक वयस्कर जोडपं नारळपाणी पीत बसलं होतं. नवऱ्यानं दोघांच्या चपला एका पिशवीत घालून पिशवी मनगटाला अडकवली होती, चोरीला जातील म्हणून.

दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं, म्हणून ओजस त्या मुलीची पावलं बघत राहिला. चार पावलं जायची, वळायची, चार पावलं यायची. त्यानं तिच्या पावलांना साजेसं गाणं शोधलं. इतकं संथ गाणं त्यानं मांडावर कधी लावलं नव्हतं. लावताना त्याला लाज वाटली, आणि बारमागून पेडणेकरबाईंनी दचकून वर बघितलेलंही त्याला दिसलं.

मुलगी बोलतच होती. येरझारा चालूच होत्या. पण थोड्या वेळानं तिचं पाऊल ठोक्यावर पडायला लागलं. तिला त्याचा पत्ता नव्हता. फोनवर ती कुणाशी तरी भांडत होती, आणि तिचे पाय गाणं ऐकत होते.

"दाजी," ओजस कुजबुजला. "बघितलंत?"

"हं."

मग बेळगावच्या आजींची मान हलायला लागली. मग बारपाशी उभ्या असलेल्या दोघांचे खांदे. वेग कमीजास्त करायची छोटी दांडी ओजसच्या बोटाखाली होती. त्याचं बोट तिकडे वळलं की दाजी म्हणायचे, "थांब." तो थांबायचा. पुढचं गाणं मग तो केसभर जलद निवडायचा, इतकंच जलद की पायांना वाटावं आपणच निघालो.

माणसं येत गेली. वाळूतून चालत येणारी माणसं फळ्यांवर पाय ठेवायच्या आधीच चालण्यात लय घेऊन यायची.

एकदा पाच-सहा जण एकदम बाहेर पडले. ओजसचा हात आपसूक दांडीकडे गेला.

"गेले, दाजी."

"पाणी पिऊक गेले."

"आणि नाही आले तर?"

ओजसनं दात आवळले आणि पुढचं गाणं उलट जरा सैल लावलं, श्वास घेता येईल असं. त्याला वाटलं होतं की फळ्या आता रिकाम्या होणार. माणसं गेली नाहीत. ती एकमेकांच्या जवळ सरकली. आणि पाणी प्यायला गेलेले ओल्या ओठांनी परत आले आणि जिथून गेले होते तिथंच उभे राहिले.

सूर्य माडांच्या खाली आला तेव्हा फळ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. बेळगावचे आजोबासुद्धा उठले होते. पुढच्या पोरांनी हात वर करून गलका सुरू केला.

"ओझो! वाढव! ओझो! वाढव!"

हे शब्द ऐकण्यासाठी तो आजवर जगला होता. त्याचं बोट दांडीवर गेलं. मग त्यानं खाली पाहिलं. ओरडत होती ती तोंडं होती. त्याच पोरांचे पाय मात्र निश्चिंत पडत होते. त्यांना काहीच नको होतं. त्यांना हवं ते मिळालेलं होतं.

त्यानं बोट मागे घेतलं.

तेवढ्यात दाजींनी त्याचं मनगट धरलं.

"चल."

"कुठे?"

"खाली."

"दाजी, गाणं संपत आलंय! पुढचं लावायचंय मला!"

"चल."

एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात मिसळायचं, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. मध्ये शांतता पडली की नाचणाऱ्याला आपण कुठं आहोत ते आठवतं. त्याला घाम आठवतो, बिल आठवतं, परतीची वाट आठवते. एकदा पडलेली शांतता भरून निघत नाही. आणि बारमागे पेडणेकरबाई उभ्या होत्या, आणि हा ओजसचा शेवटचा रविवार ठरायची वेळ होती.

"मांड जाईल माझा, दाजी," तो म्हणाला.

दाजींनी मनगट सोडलं नाही.

ते त्याला पायऱ्या उतरवून फळ्यांवर घेऊन गेले, पार मध्ये, जिथं धक्का लागल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. आणि ते नाचायला लागले. नाचणं म्हणजे काय, गुडघे जरा वाकवून या पायावरून त्या पायावर भार देत राहिले. डोळे मिटलेले.

ओजस खांबासारखा उभा होता. त्याचे डोळे टेबलाकडे होते. ते गाणं त्याला पाठ होतं. आता सूर जाणार, मग नुसते ढोल, मग तेही एकेक करून कमी होत जाणार. तो मनात पुढे पुढे पळत होता. कुणाचा तरी खांदा लागला, कुणाची तरी कोपरं लागली, आणि उभं राहणं अशक्य झालं म्हणून त्यानं पाय हलवले. आयुष्यात पहिल्यांदा.

सूर गेला.

"दाजी, सोडा मला. अजून वेळ आहे."

दाजी नाचत होते.

ढोल विरळ झाले. एक थांबला. दुसरा थांबला. शेवटचा एक ठोका पडला आणि मोठाल्या स्पीकरांतून बारीक खरखर आली.

मग तीही गेली.

ओजसनं डोळे घट्ट मिटले आणि शांततेची वाट बघत राहिला...

शांतता आली नाही.

आधी त्याला वाटलं कानात घुमतंय. मग त्याला ते तळपायांत कळलं. फळ्या वाजत होत्या. एवढ्या माणसांचे पाय होड्यांच्या जुन्या फळ्यांवर पडत होते, एकदम, एकाच ठोक्यावर, आणि एकही पाय चुकत नव्हता.

त्यानं डोळे उघडले.

कुणी थांबलं नव्हतं. पिवळ्या स्कर्टातली मुलगी केस मोकळे सोडून नाचत होती. गलका करणारी पोरं गप्प झाली होती आणि नाचत होती. बेळगावच्या आजोबांच्या मनगटावरची चपलांची पिशवी प्रत्येक पावलाला हलत होती आणि आजी त्यांच्याकडे नवलानं बघत होत्या. बारमागे पेडणेकरबाईंच्या हातात पुसायला घेतलेला ग्लास तसाच राहिला होता, आणि त्यांचा एक पाय चालला होता. सगळ्यांचे श्वास एकदम आत जात होते, एकदम बाहेर येत होते. इतक्या माणसांचा एक श्वास ओजसनं कधी ऐकला नव्हता. त्याच्या नेहमीच्या आवाजात तो ऐकू येणं शक्यच नव्हतं.

कोण धरून ठेवतंय हे? त्यानं एकेक चेहरा पाहिला. कुणीच नाही. प्रत्येक जण दुसऱ्या कुणाबरोबर तरी चालला होता. तो बघत असतानाच ठोका किंचित पुढे सरला. कुणी सांगितलं नाही, कुणी खूण केली नाही. सगळे मिळून केसभर पुढे गेले, आणि त्यांच्यात ओजसचे पायही होते.

त्याला रडू आलं. का आलं ते त्याला सांगता आलं नसतं. एवढी मोठी गोष्ट दर रविवारी त्याच्यासमोर उभी राहत होती आणि तो तिच्यावर ओरडत होता.

सूर्याची कड पाण्याला लागली. फळ्या वाजत राहिल्या.

त्यानं वाकून दाजींच्या कानाशी तोंड नेलं. मोठ्यानं बोलायचं त्याला धाडस झालं नाही.

"दाजी... गाणं संपलं."

दाजींनी डोळे उघडले नाहीत.

"माका कशाक सांगतंस, झिला? तेंका सांग."